चौदा बॅगा, सगळ्या सामाईक

मंगळवार, ३ एप्रिल

जायचं ठरलं. २१ ला निघायचं, ८ मेला परत. अठरा दिवस, आत्याकडे. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, गाडी भाड्याची.

सकाळी आप्पांनी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं की या वर्षी मी बहिणीकडे जाणार. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर, नाहीतर एकटा. वय वर्षं ब्याऐंशी. एकटा म्हणे! बायको म्हणाली, नऊ वर्षं दर वर्षी ठरतंय आणि दर वर्षी राहतंय. कुणामुळे ते तिने म्हटलं नाही. म्हणजे माझ्याकडे बघून म्हटलं नाही.

मागच्या वर्षी रद्द झालं ते गाडीवर टाकायची ताडपत्री वेळेवर आली नाही म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी कुलपं आली नाहीत. यात माझा काय दोष?

यंदा सांगून टाकलं, सामानाची जबाबदारी माझी. पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून सव्वीस वर्षं झाली. चार हजार सातशे प्रकारचा माल. कुठला वॉशर कुठल्या खणात, डोळे मिटून सांगतो. चार माणसांचं सामान म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ.

धोरण: कमीत कमी सामान. माणशी एक बॅग. माझी सगळ्यात छोटी.

गुरुवार, ५ एप्रिल

माळ्यावरून बॅगा काढल्या. शी! एकीत कुठल्याशा जुन्या प्रवासातला ओला टॉवेल निघाला. म्हणजे त्या वेळी ओला असणार, आता पुठ्ठा. दुसरीत साबणाची डबी, साबणाला केस. कुणाचा केस ते कुणी कबूल करत नाही. लेक म्हणाली, बाबा, तुमचाच असेल, तेव्हा तुम्हाला होते. हसण्यासारखं काय होतं त्यात कळलं नाही.

सगळ्या बॅगा दोनदा पुसल्या. तरी वास आहेच. जेवण गेलं नाही.

रविवार, ८ एप्रिल

सकाळी मेहुणा येऊन गेला. तोही येणार आहे. आत्याशी त्याचं काही नातं नाही, पण फुकट हवापालट कुठे मिळत असेल तर याला बरोबर वास येतो. त्याचं सामान काय, तर एक पाठीवरची सॅक. दोन पँट, तीन शर्ट. अठरा दिवस! धुवायचे आणि घालायचे, म्हणाला. म्हणजे आत्याच्या घरभर याचे ओले बनियन लटकणार आणि त्याखालून आम्ही वाकून जायचं.

मुख्य काम: यादी. यादी करताना एक गोष्ट लक्षात आली. काही वस्तू कुणा एकाच्या नसतात. उदाहरणार्थ इस्त्री. केटली. एक्स्टेन्शन बोर्ड. दोरी. या माझ्या बॅगेत कशा धरायच्या? अन्याय होईल. म्हणून वेगळा वर्ग केला: सामाईक. सामाईक सामान कुणाच्याही खात्यावर नाही.

बादलीही त्यात घातली. बायको म्हणाली, आत्याकडे बादली असेल की हो. असेल ना. पण त्या बादलीत आजवर कुणी काय काय बुडवलं असेल याचा विचार केलाय का कुणी? मी केला. पाच मिनिटं बसून केला. दोन बादल्या घेतल्या.

बुधवार, ११ एप्रिल

प्रगती समाधानकारक. सामाईक विभागात सहा बॅगा. माझी अजून एकच आणि तीही अर्धी रिकामी. घरात हे कुणाच्या लक्षात येत नाही.

स्टोअरचा नियम लावला: एक वापरात, एक राखीव, एक वाटेत. त्यानुसार टॉवेल पंधरा, चादरी पंधरा, उशांचे अभ्रे पंधरा. उशा मात्र पाचच, तडजोड केली. परक्या उशीवर डोकं टेकायच्या कल्पनेनेच माझ्या मानेवर काटा येतो. किती डोक्यांचं तेल प्यायलेली असते ती!

आप्पांनी एक पेटी आणून ठेवली. लाकडी, चपटी, बुटाच्या नाडीने बांधलेली. म्हणाले, ही माझी, ही येणार. मी जागा वाचवायला उभी ठेवली तर म्हातारा केवढ्यांदा ओरडला! आडवी ठेव, आडवी! नऊ वर्षं आडवी आहे ती! मी विचारलं, आहे काय त्यात? ते सांगायला लागले, आम्ही तिच्याकडून निघालो त्या दिवशी बस आली आणि मग आमचं दोघांचं, वगैरे वगैरे. तेवढ्यात स्टोअरमधून फोन आला. बोलून परत आलो तर आप्पा खिडकीत जाऊन बसलेले. नंतर सांगतील. तसं महत्त्वाचं काही नसणार.

शनिवार, १४ एप्रिल

संध्याकाळी आप्पा फिरायला गेले तेव्हा पेटी उघडली. चोरून नाही. न तपासलेला माल मी गाडीत चढवत नाही, एवढंच.

आत बुद्धिबळाचा पट. त्यावर मोहरे कुठेही कसेही उभे, आणि प्रत्येकाच्या बुडाला मेणबत्तीचं मेण ओतून चिकटवलेला! राजा कोपऱ्यात, प्यादी विखुरलेली, घोडा भलत्याच ठिकाणी. मेणात धूळ, धुळीत एक मेलेली मुंगी. ओकारी आली. मोजले तर एकोणीस. असायला हवेत बत्तीस. तेरा नगांची तूट आणि घरात कुणाला पत्ता नाही! अशीच माणसं कारखान्यात असती तर एकही पंप बाहेर पडला नसता.

एकेक मोहरा ओढून काढला. पटावरचं मेण सुरीने खरवडलं, मग गरम पाण्याच्या फडक्याने पट लख्ख केला. मोहऱ्यांचं मेण नंतर काढू. मोहरे मोज्यांत घालून मोजे बॅग क्रमांक ९ मध्ये ठेवले. मोज्यांतली पोकळ जागा अशी वापरतात. हे घरात कुणाला सुचलं असतं?

पेटीत आता नुसता पट. हलकी झाली. नाडी काढून पक्की सुतळी बांधली आणि चिठ्ठी लावली: तपासले.

मंगळवार, १७ एप्रिल

दुकानातून नवा संच आणला. त्यातले तेरा काढून आप्पांची तूट भरून काढली. रंग थोडा वेगळा, उंची अर्धा इंच जास्त, पण संख्या बरोबर. बत्तीस. आता मनाला स्वस्थता आहे. आप्पांना सांगितलेलं नाही. तिथे पोचल्यावर कळेल तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

सामाईक बॅगा अकरा. अनुक्रमाने लावल्या की जड बॅग वर येते आणि हलकी खाली चेपते, असं लक्षात आलं. म्हणून सगळ्या बॅगांचे क्रमांक वजनाप्रमाणे नव्याने दिले. कुठला माल कुठे गेला ते मालाच्या वेगळ्या वहीत लिहिलं.

बायको विचारत होती, गाडीत मावेल ना हे? मावतं म्हटलं. मावतं कसं नाही? रचण्यावर असतं.

गुरुवार, १९ एप्रिल

वीट आलाय या लोकांचा. लेकीने बॅग भरली ती वीस मिनिटांत. कपडे गुंडाळून कोंबले, वर बसली, चेन लावली, झालं. आप्पांची बॅग परवाच भरून दाराशी उभी आहे. शाळेला न्यायचं दप्तर याहून मोठं असतं. रोज सकाळी उठून ती जागेवर आहे का बघतात.

रात्री जेवताना आप्पा एकदम म्हणाले, तुझी आत्या आता अठ्ठ्याहत्तरची झाली. बायकोने त्यांच्या ताटात वाढलं.

मी विषय बदलून सांगितलं की औषधांचा डबा पूर्ण झाला आहे. आपल्यापैकी कुणालाच नसलेल्या रोगांचीही औषधं त्यात आहेत.

शुक्रवार, २० एप्रिल

पूर्ण. चौदा बॅगा. सगळ्या सामाईक. माझ्या नावावर एक छोटी बॅग, पण ती क्रमांक ६ मध्ये गेली, त्यामुळे हिशेबाने माझं सामान शून्य. सव्वीस वर्षांत एवढं नेटकं पॅकिंग केलं नव्हतं.

मागची खोली भरली आहे. खोलीचं दार आतल्या बाजूला उघडतं, ते आता उघडत नाही. मी खिडकीतून चढून बाहेर आलो. शेजारचे काका बघत होते. घर सोडताय का, म्हणाले. काही लोकांना दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय करमतच नाही.

शनिवार, २१ एप्रिल, सकाळी ५.५०

गाडी आली. आत मोज्यांचा वास. ड्रायव्हरने चपला काढून पाय समोर ठेवलेले, काचेवर कुणाच्या तरी पोराच्या चिकट बोटांचे ठसे. जंतुनाशकाची बाटली बॅग ११ मध्ये. किंवा ४ मध्ये.

सकाळी ६.४०

ड्रायव्हर उद्धट आहे. म्हणतो, मागे पाच बॅगा, टपावर तीन, बस्स. घाट आहे, याहून जास्त चढवणार नाही. मी त्याला रचना समजावून सांगितली. कागदावर काढून दाखवली. तो जांभई देत होता. दाताला काहीतरी चिकटलेलं होतं त्याच्या.

मेहुणा म्हणाला, जिजाजी, एक बादली डोक्यावर घालून बसलात तर तेवढीच कमी. लेक हसली. ड्रायव्हर हसला. बायको हसली नाही. ते जास्त वाईट.

आप्पा पुढच्या सीटवर कधीचेच बसलेत. पेटी मांडीवर, आडवी. घड्याळाकडे बघत होते.

सकाळी ७.३०

निर्णय माझा. सामान मागे टाकून जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही. बायको म्हणाली, मग सामान ठरवा नाहीतर माणसं ठरवा, मी आज आप्पांना खाली उतरायला लावणार नाही. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी टेम्पो करून सामान घेऊन मागोमाग येतो. संध्याकाळपर्यंत गाठतो. ती बरं म्हणाली. इतक्या पटकन म्हणेल असं वाटलं नव्हतं.

त्यांनी आपापल्या चार बॅगा टाकल्या आणि गेले. माझी सीट मोकळी. आप्पांनी खिडकीतून हात केला. मला वाटतं मलाच केला.

दुपारी १२.१५

टेम्पोवाला येऊन बघून गेला. घर बदलताय का, म्हणाला. फिरायला चाललोय म्हटल्यावर त्याने बॅगा परत एकदा मोजल्या आणि एवढ्या लांब मी जात नाही म्हणाला. दुसऱ्याला फोन केला. तोही नाही. या देशात काम करायची कुणाला इच्छाच उरलेली नाही.

दात घासायचे राहिलेत. ब्रश बॅगेत. कुठल्या, ते वहीत आहे.

रविवार, २२ एप्रिल, संध्याकाळी

पोचले. लेकीचा फोन आला. मी विचारलं, चादरींवाचून अडलं असेल ना? नाही म्हणाली. टॉवेल? नाही. बादली? बाबा, ऐका, म्हणाली. आणि मग तिने जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण कुठेतरी लिहायलाच हवं.

आत्या दारातच उभी होती. हातात काचेची बरणी. बरणीत तेरा मोहरे. नऊ वर्षांपूर्वी डाव अर्धा असताना बस आली. तेव्हा ठरलं की मेलेले तिने ठेवायचे, जिवंत आप्पांनी. पुढच्या वर्षी इथूनच पुढे खेळायचं. म्हणून आप्पांनी मेण ओतून एकेक जागच्या जागी पक्का केला होता. फोनवर खेळता आलं असतं, पण आत्याला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आप्पांना समोर बसूनच खेळायचं होतं.

पाणीसुद्धा न पिता आप्पांनी सुतळी सोडली. लेक म्हणाली, गाठ सुटता सुटेना, शेवटी दाताने सोडली. पेटी उघडली. आत नुसता पट.

मी विचारलं, काय केलं त्यांनी? मग मेणाच्या खुणा तरी राहिल्या असतील म्हणून त्यांनी भिंग मागितलं. एकही खूण नव्हती. पट लख्ख.

लख्ख मी केला होता. गरम पाण्याने.

सोमवार, २३ एप्रिल

आप्पांशी स्वतः बोललो. ते रागावलेले नव्हते. मी उत्तरांची तयारी करून ठेवली होती ती सगळी वाया गेली. आत्याने बटणं आणि बाटल्यांची झाकणं मांडून डाव आठवायचा प्रयत्न केला. अठरा जागा दोघांच्या जुळतात. एका घोड्यावर अडलंय. ती म्हणते पांढऱ्या घरात होता, हे म्हणतात काळ्या. मी म्हटलं, आप्पा, मग नवा डाव मांडा ना. तर म्हणाले, नऊ वर्षं मी एक खेळी डोक्यात धरून बसलोय रे. ती नव्या डावात कुठे टाकू?

तूट भरून काढली आहे, बत्तीस केलेत, हे सांगावंसं वाटलं होतं. नाही सांगितलं.

मग म्हणाले, उद्या सातची बस आहे. ते एकोणीस तेवढे खिशात टाक आणि ये. बाकी हात हलवत ये. आत्या विचारतेय तुला.

संकल्प: उद्या सातची बस. खिशात एकोणीस मोहरे. बाकी काही नाही. काहीही नाही. टॉवेलसुद्धा नाही. सोपं आहे. बॅग क्रमांक ९.

दुपारी ४.००

९ मध्ये छत्र्या आहेत. १७ तारखेला क्रमांक बदलले होते. हरकत नाही, वहीत सगळं आहे.

दुपारी ४.३०

वही सामाईक सामानात गेली आहे.

मंगळवार, २४ एप्रिल, सकाळी ८.१०

काल संध्याकाळपासून बॅगा उघडतोय. पहाटे परत सुरुवात केली. मोज्यांच्या जोड्या पंचेचाळीस. एक वापरात, एक राखीव, एक वाटेत. प्रत्येक जोडीत हात घालून बघायचं. खोलीभर माझ्या वस्तू पसरल्या आहेत. तीन नेलकटर. चार टॉर्च. बाथरूममध्ये बसायचं स्टूल. कुणाला कधीही न झालेल्या रोगाचं मलम. इतके दिवस लोकांच्या वस्तूंची शिसारी येत होती. आज पहिल्यांदा स्वतःच्या वस्तूंची आली. त्यातून चालताना पायाला काहीतरी मऊ लागलं आणि मी किंचाळलो. माझीच उशी.

मोहरे सापडले. बॅग १४, वर लिहिलेलं: वाटेत लगेच लागणारे. त्यातच वही. सापडले तेव्हा सात वीस झाले होते.

तरी थांब्यापर्यंत पळत गेलो. एका पायात चप्पल, एका पायात बूट. बस गेली होती. तिकीट खिडकीवरचा म्हणाला, पुढची गुरुवारी. माझ्या पायांकडे बघत म्हणाला.

बुधवार, २५ एप्रिल

गुरुवारची तयारी पूर्ण. मोहरे शर्टाच्या खिशात. फक्त वाटेत पाऊस आला तर एक छत्री. आणि छत्री ओली झाली तर ठेवायला एक पिशवी. आणि पिशवी रिकामी न्यायची नाही म्हणून एक टॉवेल.

नाही. काढलं सगळं. बायकोचा फोन आला तेव्हा अभिमानाने सांगितलं की हात हलवत येतोय.

ती म्हणाली, येऊ नका.

मी म्हटलं, का? तर घोड्याचं भांडण मिटत नाही म्हणून. अठरा दिवसांत मिटेल अशी लक्षणं नाहीत म्हणाली. दोघं सकाळी उठल्यापासून समोरासमोर बसतात, एकमेकांना खोटारडे म्हणतात, दुपारी झोपतात आणि उठून पुन्हा सुरू करतात. आप्पांना इतकं बोलताना तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हणून आत्या परत येताना बरोबर येतेय. इकडे राहायला, सहा महिने तरी. गाडीत एकच सीट मोकळी आहे. तुम्ही आलात तर ती तुम्हाला लागेल.

म्हणजे एका अर्थी हे माझ्यामुळेच जमलं. मी पट पुसला नसता तर डाव दोन दिवसांत संपला असता. हे कुणी बोलून दाखवणार नाही, पण खरं आहे.

मी विचारलं, आत्याचं सामान किती? एक पिशवी आणि बरणी, म्हणाली. सहा महिन्यांसाठी एक पिशवी! तिला झोपायला मागची खोली रिकामी करून ठेवा, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

सोमवार, ७ मे

खोली रिकामी करायला बारा दिवस लागले. चौदा बॅगांतलं सामान जिथलं तिथे लावलं. बादल्या बाथरूममध्ये गेल्या. स्टूल ठेवलंय, आत्याला लागेल. वहीच्या शेवटच्या पानावर नेहमीप्रमाणे नोंद केली: एकूण नग दोनशे चौदा, प्रवासात मागितलेले नग एकोणीस. ते मी पोचवले नाहीत.

उद्या संध्याकाळी येतील. खोली झाडून पुसून घेतली, गादी घातली. आता दार पूर्ण उघडतं. खिडकीशी टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या ठेवल्या. विकत आणलेले तेरा मोहरे त्यांच्या डब्यात परत घातले आणि डबा माळ्यावर टाकला. आप्पांचे एकोणीस टेबलावर काढून ठेवले. पट त्यांच्याकडे आहे, म्हणून नुसतेच.

मेण काढायला सुरी घेऊन बसलो होतो. प्रत्येकाच्या बुडाला अजून थोडं थोडं आहे. त्यात धूळ आहे, एकाच्यात त्या मुंगीचा पाय आहे.

कोण कुठे उभा होता ते मला आठवत नाही. त्या दिवशी मी फक्त मोजले होते. घोडा भलत्याच ठिकाणी होता, एवढंच लिहिलंय मी. कुठल्या घरात, ते लिहिलेलं नाही.

सुरी परत जागेवर ठेवून दिली.